काकूची ना हरकत

काकाने त्याच्या घराचं सगळं माझ्यावर सोपवलं, याचं आमच्यात कुणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही. मी नागपुरात मेस चालवते. डॉक्टरकीची, इंजिनिअरिंगची, स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतात. गॅस संपो, स्वयंपाकीण दांडी मारो, टमाटर महाग होवोत, ठरल्या वेळेला ताट समोर यायलाच पाहिजे. अशी वर्षं काढली की माणूस कशाला फारसा घाबरत नाही. काकाला ते ठाऊक होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांच्या मागावर वडील बसले. काका मात्र सरकारी छापखान्यात खिळे जुळवायला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द जुळवायचा, म्हणून की काय, स्वतःचे फार जपून वापरायचा. तेव्हा शहराच्या कडेला असलेल्या एका लेआउटमध्ये त्याने प्लॉट घेऊन आधी दोन खोल्या बांधल्या, मग मागे स्वयंपाकघर, मग बाहेरून जिना आणि वर गच्ची. शहर पुढे निघून गेलं आणि ते घर चांगल्या मोक्यावर आलं.

थंडीत तो आजारी पडला आणि फार दिवस काढले नाहीत. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी त्याला खिमट भरवत होते, तेव्हा त्याने चमचा हाताने बाजूला केला आणि म्हणाला, "घर विकजो. ठेवू नको. ठेवलं त भांडसान."

"बरं," मी म्हटलं. "आधी हे संपव."

मृत्युपत्र त्याने पूर्वीच करून ठेवलं होतं. घर विकायचं, जे येईल ते मला आणि पुण्याला असलेल्या माझ्या मोठ्या भावाला निम्मं निम्मं, आणि हे सगळं पार पाडायचं मी. पान उलटायचीही गरज नव्हती.

गिऱ्हाईकही लवकर मिळालं. मूळचं कन्हानचं एक जोडपं. ती नर्स, तो एका लॅबमध्ये. भाड्याच्या घरात राहून कंटाळलेले. नवरा अंगणात उभा राहून भिंतीकडे बघत बसला. बायकोने मात्र प्रत्येक नळ सोडून पाहिला, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं ते पाहिलं, आणि गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं. मला ती तिथेच आवडली. भाव ठरला. पण त्यांना कर्ज देणारी बँक म्हणाली, मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब आणा, त्याशिवाय आम्ही कर्ज देणार नाही. त्याला प्रोबेट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

मी एका वकीलबाईंकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण कामात चोख. त्यांनी अर्जासाठी माहिती विचारायला सुरुवात केली.

"काकांच्या जवळचं कोण कोण आहे? सगळ्यांना कोर्टाकडून नोटीस जाते."

"मी आणि माझा भाऊ. मूलबाळ नव्हतं त्यांना."

"बायको?"

"होती."

"वारल्या का?"

"नाही. म्हणजे, माहीत नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "घटस्फोट झाला होता?"

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

काकू होती. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास ती लग्न होऊन आली, आणि मी काही इयत्ता पुढे गेले तेव्हा ती नव्हती. मधल्या काळातली मला आठवते ती तिची बडबड. गूळ-शेंगदाणे घेऊन ती मला दारातल्या पायरीवर बसवायची आणि बोलत सुटायची: गावच्या विहिरीबद्दल, तिच्या भावाच्या बैलांबद्दल, एसटीत भेटलेल्या बाईबद्दल. मला तेव्हा वाटायचं, मी तिची लाडकी आहे म्हणून ती माझ्याशी इतकं बोलते. मोठी झाल्यावर उमगलं की त्या घरात तिला उत्तर देणारी मीच एकटी होते. एकदा भावाच्या लग्नाला म्हणून माहेरी गेली ती परत आली नाही. काका आणायला गेला नाही. दोघांनी कधी भांडणही केलं नाही, कोर्टकचेरीही केली नाही. पुढे तिचा विषयच बंद झाला.

"त्या हयात असतील आणि घटस्फोट झाला नसेल," वकीलबाई म्हणाल्या, "तर कायद्याने सगळ्यात जवळच्या वारस त्याच. मृत्युपत्र खरं ठरलं तर घर तुमच्याकडेच येईल, पण त्यांना हरकत घ्यायचा हक्क आहे. पोटगीसारखंही काही मागू शकतात. त्यांची ना हरकत मिळाली तर काम सरळ होईल. नाही मिळाली तर वर्षं जातील."

बाहेर येऊन मी दादाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्जात अविवाहित लिहून टाक ना. कोणाले माहीत आहे आता?"

"मले माहीत आहे."

"तू काहून घोळ वाढवून राहिली? इतक्या वर्षांत आली का ती एकदा तरी?"

"नाही आली. पण उद्या आली, त ज्यानं घर घेतलं त्याच्या दारात येईन. नर्स बिचारी आपल्या दारात उभी राहून विचारीन, ताई, हे काय? मी खोटं लिहिणार नाही गा दादा."

तो चिडला. मी चिडले नाही. मला काय करायचं ते माझं पक्कं झालं होतं.

काकूच्या गावाचं नाव मला आठवत होतं, नरखेड तालुक्यातलं. मेसचं दुपारचं काम बाईवर सोडून मी सकाळची एसटी धरली. दोन्हीकडे संत्र्या-मोसंबीच्या बागा, मध्ये कुठे वेचून झालेली कपाशी. स्टँडवर उतरून एका पानटपरीवर मी काकूच्या माहेरचं आडनाव सांगितलं. टपरीवाल्याने लगेच विचारलं, "कलमावाली बाई पायजे का?"

"कलमावाली?"

"संत्र्याच्या कलमा करते ना ते. लांबून लांबून येतात तिच्याकडे. जा, नाल्याच्या पलीकडे."

ती मला पाठमोरी दिसली. डोक्याला रुमाल, कमरेला पदर खोचलेला, हातात छोटा चाकू. जंबेरीच्या, म्हणजे ज्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात त्याच्या, रोपांच्या ओळीत दोन बायांसोबत ती वाकून बसली होती. खुंटाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा, हे तिचं काम चाललं होतं. जवळ गेल्यावर तिने मान वर केली.

"किती कलमा पायजेत?"

"कलमा नको," मी म्हटलं, आणि माझी ओळख सांगितली. वडिलांचं नाव सांगितलं. घरात मला ज्या नावाने हाक मारायचे ते सांगितलं.

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "गूळ खाणारी?"

"हाव."

"जाड झाली वं तू." ती हसली, आणि हसता हसताच थांबली. इतक्या लांबून मी उगाच आलेली नाही हे तिला समजलं असावं. "काय झालं?"

येताना एसटीत मी मृत्युपत्र, वारस, हरकत, सगळं कसं मांडायचं ते ठरवलं होतं. पण ही बातमी तिला पहिल्यांदा मीच सांगणार आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. आडवळणं घेण्यात अर्थ नव्हता.

"काका गेला, काकू. थंडी सुरू झाली तेव्हा."

तिने हातातली पट्टी गुंडाळायला सुरुवात केली होती. ती पूर्ण गुंडाळली, गाठ मारली, वरचं टोक कापलं. मग चाकू मातीत रोवला आणि तिथेच, ओळीच्या मध्ये, फतकल मारून बसली. शेजारच्या बायांचे हात थांबले.

"मले काहून नाही कळवलं कोणी?"

मी तिच्याजवळ मातीत बसले. तिने विचारलं, "शेवटी कोण होतं जवळ?"

"मी होती."

"जेवत होता का?"

"थोडं थोडं."

"काही बोलला?"

"घर विकजो म्हणे. बाकी काही नाही."

"नाहीच बोलणार," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसून उठली आणि मला भावाच्या घरी घेऊन गेली. ज्वारीची भाकर, चण्याच्या भाजीचं फदफदं आणि मिरचीचा ठेचा. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तिला हरकत घेता येईल हेही सांगितलं, मागायचं तर मागताही येईल हेही. वकीलबाईंनी सांगितलेलं एक वाक्यसुद्धा मी गाळलं नाही. तिचा भाऊ माझ्याकडे संशयाने बघत होता. समोरची बाई स्वतःच्या विरुद्ध का बोलते आहे, हे त्याला कळत नव्हतं.

काकूने हात धुतले. "घर दाखव मले एकदा. मग सांगीन, सही करीन का नाही."

पुढच्याच आठवड्यात ती आली. मी स्टँडवर घ्यायला गेले. दादाही पुण्याहून येऊन बसला होता. ती वकील घेऊन येईल अशी त्याची खात्री होती. ती एका पिशवीत मोसंबी घेऊन आली.

मी कुलूप उघडलं. आत शिरताना ती उंबऱ्याशी जराशी थांबली. तिच्या वेळच्या दोनच खोल्या तिला ओळखीच्या होत्या. त्या ती भरभर बघून पुढे गेली. मागच्या स्वयंपाकघरात मात्र रेंगाळली. ओटा काकाने स्वतःच्या उंचीचा बांधून घेतला होता. तिने त्यावर हात ठेवून पाहिला. फळीवर एक ताट, दोन वाट्या, एक कढई. तिने कढई उचलून उलटी करून पाहिली.

"स्वतः करत होता का?"

"हो. वरण-भात, वांग्याची भाजी. मेसमधून डबा पाठवते म्हटलं तर नको म्हणायचा."

"मी होती तेव्हा पाणीसुद्धा हातानं घेत नव्हता," ती म्हणाली. "म्हणजे शिकला." तिला याचं बरं वाटलं की वाईट, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. कदाचित दोन्ही.

दादा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याने एकदा घसा साफ केला आणि म्हणाला, "काकू, तुमचं काय मागणं आहे ते एकदा सांगून टाका."

तेवढ्यात दारात घर घेणारं जोडपं आलं. मीच त्यांना बोलावलं होतं; ज्यांना घर घ्यायचं आणि जिची सही पाहिजे, त्यांनी एकमेकांना पाहिलेलं बरं, असं माझं मत होतं. दादाने कपाळाला हात लावला. काकूने त्या दोघांना जवळ बोलावलं, मोसंब्या हातात दिल्या, आणि नर्सला विचारलं, "तुम्ही दोघं बोलता का वं एकमेकांशी?"

नर्स गोंधळली. "म्हणजे?"

"घरात. जेवताना. कामावरून आल्यावर."

"हे बोलतात," नवऱ्याकडे बघत ती म्हणाली. "मी थकून झोपते, तरी हे बोलतच राहतात."

काकू मोठ्याने हसली. तिच्या त्या हसण्याने घर भरलं. मग दादाकडे वळून म्हणाली, "मले घर नको गा. हिस्सा नको. माझं माझ्याजवळ आहे, माझ्या कलमा आहेत. एकच पायजे. अर्जात माझं नाव लिहा. त्याच्या नावापुढं पत्नी म्हणून. गावात चाळीस तोंडं चाळीस गोष्टी सांगतात. टाकलेली म्हणतात, पळालेली म्हणतात. मी टाकलेली नाही आणि पळालीही नाही. मी त्याची बायको होती. एका कागदावर तसं असू द्या, बस."

मी म्हटलं, "ते आधीच ठरलं आहे काकू. तू नाही म्हटलं असतं तरी तेच लिहिणार होती मी."

"तू म्हणाली मले," ती म्हणाली. "आत्तापर्यंत तुम्ही तुम्ही करून राहिली होती."

वकीलबाईंनी अर्ज दाखल केला. नातेवाइकांत सगळ्यात वर काकूचं नाव. कोर्टाची नोटीस वर्तमानपत्रात आली आणि एक प्रत घराच्या दारावर चिकटली. ती चिकटताच लेआउटमध्ये चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे घर जप्त झालं, कुणी म्हणे बहीण-भावात केस पडली. मी कुणाला समजावत बसले नाही. मी रोज सकाळी भाजी घेऊन झाली की तिकडे चक्कर मारायचे, दारं-खिडक्या उघडायचे, झाडून घ्यायचे. रिकामं घर बघता बघता दुसऱ्याचं होतं, हे मला ठाऊक होतं. उन्हाळा लागला तशी मी गच्चीच वापरायला घेतली. मुगवड्या, कुरड्या, आलूचे चिप्स, लाल मिरची. वर्षभर मेसला लागणारं सगळं वाळवण त्या वर्षी काकाच्या गच्चीवर झालं. दादाला सांगून केलं, चोरून नाही.

एक अडचण होती समोरच्या काकाजींची. समोर राहणारे हे निवृत्त मास्तर, काकाचे एकुलते एक मित्र. काका गेल्यावर त्यांनी आपली कार आमच्या फाटकासमोर, कडुनिंबाच्या सावलीत लावायला सुरुवात केली होती. फाटक अर्धंच उघडायचं. पंचाईत अशी की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही त्यांची होती. दुसरा साक्षीदार वारला होता. म्हणजे कोर्टात साक्ष द्यायला हेच. दादा फोनवर म्हणाला, "त्याईले दुखवू नको. साक्ष होऊ दे, मग बोल."

मी दुसऱ्याच दिवशी मुगवड्यांचा डबा घेऊन गेले. "काकाजी, गाडी काढा फाटकासमोरून."

"सावली आहे म्हणून लावतो," ते म्हणाले. "तसंही कोण राहून राहिलं तिथं?"

"मी येते ना रोज. आणि उद्या दुसरे लोक येतील. आज तुम्ही लावाल, उद्या तुमचा जावई लावेल, मग ती जागा तुमचीच आहे असं तुम्हालाही वाटायला लागेल. तुम्हालाच त्रास होईल."

त्यांचं तोंड उतरलं. गाडी हलवली, पण माझ्याशी बोलणं बंद केलं. वड्या मात्र परत पाठवल्या नाहीत.

खरी कसोटी वैशाखात आली. एक दलाल दादापर्यंत पोहोचला. त्याचं म्हणणं, कोर्टात अडकलेलं घर कोण घेतं; मी घेतो, आहे तसं, आजच्या आज, भाव मात्र माझा. दादाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्यामुळे त्याचा जीव कासावीस झाला. इकडे नर्सच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली होती, आणि तिच्या नवऱ्याने एका फ्लॅटची चौकशी सुरू केली होती. दादाने फोनवर आवाज चढवला. "दोन्हीकडून जाईन, सांगून ठेवतो."

"दादा, काकानं मले काय म्हटलं ते तुले माहीत आहे. विक म्हटलं. फेक नाही म्हटलं."

"आणि ते लोक गेले त?"

"त दुसरे येतील. घर चांगलं आहे."

त्याने फोन ठेवला. त्या दुपारी नर्स ड्यूटी संपवून थेट गच्चीवर आली. मी मिरच्या पालटत होते. तिने पर्स बाजूला ठेवली आणि माझ्याबरोबर पालटायला लागली. "ताई, खरं सांगा, होईल का?"

"होईल. कधी ते सांगू शकत नाही, कारण ते कोर्टाच्या हातात आहे. पण होईल. तुम्हाला घाई असेल तर तुमचा इसार परत करते, मनात काही ठेवणार नाही."

तिने बोटांची आग झाडली आणि म्हणाली, "फ्लॅटला गच्ची नाही." एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ते दोघं तिच्या बहिणीकडे राहायला गेले, सामान एका खोलीत रचून.

पावसाळ्यात तारीख लागली. काकूसाठी ते दिवस सगळ्यात धावपळीचे. कलमा विकायचा तोच हंगाम. तरीही ती आली. पहिल्या एसटीने, पायांवर अजून चिखल, साडी मात्र कोरी. समोरचे काकाजीही आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. माझ्याकडे न बघता त्यांनी खणखणीत साक्ष दिली: सही माझ्यासमोर झाली, माणूस शुद्धीत होता, कुणाचा दबाव नव्हता. मग स्वतःहूनच म्हणाले, "कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते पक्कं." न्यायाधीशसाहेबांनी एवढंच पुरे म्हटलं.

काकूला पुढे बोलावलं. साहेबांनी विचारलं, "मयताशी तुमचं नातं काय?"

"बायको," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या बाकांवरच्या लोकांनी माना वर केल्या.

"या मृत्युपत्राला तुमची काही हरकत?"

"नाही साहेब. मी घर पाहिलं. माझी हरकत नाही."

बाहेर आल्यावर तिने व्हरांड्यातल्या नळावर पाय धुतले, आणि मग तिथल्या बाकावर बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. दादा चहा घेऊन आला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कप तिच्या हातात देत म्हणाला, "काकू, चहा घे." लग्नाला यायचं तिला त्याने तिथेच सांगितलं. माझ्या भावाचं असंच आहे. आधी घाबरतो, म्हणून वाकडं बोलतो. एकदा भीती गेली की त्याच्यासारखा माणूस नाही.

चहा पिताना वकीलबाई म्हणाल्या, "काकू, तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत होते ना? मग कुटुंब निवृत्तिवेतन तुमचं आहे. त्यासाठी अर्ज करा."

मला वाटलं ती नकोच म्हणेल. घर नको म्हणाली, हिस्सा नको म्हणाली. पण काकूने कप खाली ठेवला. "दर महिन्याले?"

"दर महिन्याला."

"मग काहून नाही करायचा? घर त्यानं तुमाले देलं, ते तुमचं. हे सरकार मले देऊन राहिलं, ते माझं." आणि तिने पिशवीतून भावाने दिलेले आधार कार्डाचे झेरॉक्स काढून वकीलबाईंपुढे धरले. आम्ही सगळे हसलो. तीही.

ते काम झालं, पण सोपं गेलं नाही. काकाने नोकरीच्या कागदांत कुठे काय लिहिलं होतं, ते शोधून काढायला मला तिच्याबरोबर बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. चकरांचं मला काही वाटत नाही. टेबलापाशी जाऊन उभं राहायचं आणि काम झाल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच. काकू त्या वेळात रांगेतल्या सगळ्यांशी बोलायची. एकाला तिने तिथेच मोसंबीची बाग लावायचं पटवलं.

कोर्टाचा शिक्का दिवाळीच्या आधी हातात आला. बँक हलली. रजिस्ट्रीच्या दिवशी दादा पुन्हा आला, आम्ही दोघांनी कॅमेऱ्यात बघितलं, अंगठे दिले, सह्या केल्या. घर विकलं गेलं. ठरल्या भावाला, ठरलेल्या माणसांना. समोरच्या काकाजींनी दुसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन नर्सच्या नवऱ्याला विचारलं, गाडी आहे का तुमच्याकडे. नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. मी म्हटलं, "आता त्यांना विचारा काकाजी, माझं काही नाही." त्यांनी फाटकासमोर गाडी लावू का म्हणून विचारलं. नर्सच नाही म्हणाली.

किल्ल्या देताना मी तिला घरभर फिरवून सगळं समजावलं. मोटारीचं बटण कुठे, टाकी किती वेळात भरते, मागचं दार पावसात फुगतं तेव्हा खालून कसं उचलायचं, जिन्याची कोणती पायरी जरा उंच आहे. तिने दार दोनदा उचलून लावून पाहिलं. तिने गॅस आणला होता, दुधाचं पातेलंही. "ताई, दूध तुमच्या हातानं चढवा," ती म्हणाली.

"तुझं घर, तूच चढव," मी म्हटलं.

ती आत गेली. मी चपला घातल्या, फाटक ओढून घेतलं आणि मेन रोडपर्यंत चालत गेले. ऑटोवाल्याने जास्त सांगितलं. मी कमी केलं. वाटेत भाजी बाजारात त्याला थांबवलं, कारण मेथी स्वस्त झाली होती आणि सांबारच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ताज्या होत्या. दोन्ही पोतंभर घेतलं, ऑटोत रचलं, आणि पोत्याशेजारी उरलेल्या जागेत बसून संध्याकाळच्या स्वयंपाकाला निघाले.